अंदमानचा प्लॅन : आधी बोटी बघणारे, मग हॉटेल (पोर्ट ब्लेअरच्या लोकल प्लॅनरचा रिव्ह्यू)

अंदमानला जायचं ठरलंय आणि सगळं जुळवून देणारं कुणीतरी शोधताय तर या लोकांना एक फोन नक्की करा. आम्ही जानेवारीच्या शेवटी जाऊन आलो. मी, नवरा, चौथीतली मुलगी आणि माझे आईबाबा. बाबा पंचाहत्तरीच्या पुढचे, आईचा गुडघा दुखरा, त्यामुळे रोज पहाटे उठवून पाच पॉइंट दाखवणारं पॅकेज आम्हाला चालणारच नव्हतं. रिव्ह्यू मोठा होणारे, पण बुकिंगच्या आधी मी जेवढे रिव्ह्यू वाचले त्यात नाइस सर्व्हिस, गुड हॉटेल यापलीकडे काही नव्हतं आणि त्यातून काहीच कळत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी हे का आवडले ते सांगते. नाशिक आणि मुंबईतून आम्ही जी कोटेशन मागवली त्यांचा पहिला प्रश्न एकच, मॅडम थ्री स्टार की फोर स्टार. यांच्या ताईंनी पहिल्या फोनवर हॉटेलचं नावच काढलं नाही. परतीचं विमान किती वाजता, आईबाबांना हलत्या बोटीत चढता येईल का, कुणाला गाडी लागते का, मुलगी किती वर्षांची, पाण्यात घाबरते का, जेवण पूर्ण व्हेज का, हे सगळं विचारलं आणि म्हणाल्या की तारखा कळवा, मी त्या दिवसांच्या बोटी आणि भरती-ओहोटी बघून उद्या प्लॅन पाठवते. दुसऱ्या दिवशी जो कागद आला त्यात रोजच्या पानावर वर बोटीची वेळ, सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ, ओहोटीची वेळ, आणि हॉटेल सगळ्यात खाली. मला तेव्हाच वाटलं की यांना काम कळतं.

कारण अंदमानात खरंच तेच महत्त्वाचं आहे. अंदमान-निकोबार मिळून 800 च्या वर बेटं आणि खडक, त्यातल्या तीसेक बेटांवरच माणसं राहतात, आणि आपण टुरिस्ट लोक साधारण पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील एवढंच फिरतो. पण या तिघांच्या मधे समुद्र आहे ना. कोकणात एक एसटी चुकली तर दुसरी मिळते तसं इथे नाही, बोट चुकली किंवा वारा-लाटांमुळे रद्द झाली की तुमचा पुढचा सगळा डोलारा कोसळतो, हॉटेल, टॅक्सी, स्कूबा, विमान, सगळं.

नावांचं आधी सांगते, कारण आईबाबा तिकीट बघून गोंधळले होते. हॅवलॉकचं नाव 2018 च्या डिसेंबरमधे स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप, रॉस आयलंडचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. पोर्ट ब्लेअरचं 2024 मधे श्री विजय पुरम झालं. बोलताना तिथले लोकही हॅवलॉक-नीलच म्हणतात पण तिकिटावर, जेट्टीवर, सरकारी बोर्डावर नवीन नावं असतात. यांनी कागदावर दोन्ही नावं शेजारी-शेजारी लिहिली होती, छोटी गोष्ट आहे पण बाबांचा अर्धा ताण तिथेच गेला.

आता बोटी. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला प्रायव्हेट कॅटामरान (वेगाने जाणारी मोठी बोट) साधारण दीड-दोन तासांत जाते, एसी, बंद काचा, नंबरची सीट. सरकारी बोट हळू जाते, स्वस्त आहे आणि बाहेर डेकवर उभं राहून समुद्र बघता येतो, पण तिकीट मिळवणं आपल्यासारख्या बाहेरच्या माणसाला सोपं नाही आणि ती बोट मुळात तिथल्या बेटांवरच्या लोकांसाठी आहे हेही लक्षात ठेवायला हवं. यांनी आम्हाला जाताना सकाळची प्रायव्हेट बोट दिली. सकाळचीच का, तर दुपारनंतर बऱ्याचदा वारा वाढतो आणि आईला मळमळतं. सीट मागच्या बाजूच्या, खालच्या डेकच्या मागितल्या कारण पुढे बोट जास्त आपटते. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या असा मेसेज आदल्या रात्री आला. आईला काहीही त्रास झाला नाही, आणि आमच्या पुढच्या रांगेतली मंडळी मात्र पिशव्या धरून बसली होती बिचारी.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच. मुंबईच्या एका कंपनीने दिलेल्या प्लॅनमधे शेवटच्या सकाळी नीलहून बोट आणि त्याच दुपारी विमान असं होतं, कागदावर एक हॉटेलची रात्र वाचते, बरोबर. पण बोट रद्द झाली तर विमान गेलं आणि पाच जणांची नवीन तिकिटं आयत्या वेळी म्हणजे किती होतील विचार करा. यांनी स्पष्ट सांगितलं की तसा प्लॅन आम्ही करतच नाही, तुम्ही म्हणालात तरी. हे मला फार आवडलं. ज्याला बोटी माहितीयत तोच असं गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकतो.

उजेडाचंही तसंच. आपलं घड्याळ देशभर एक पण अंदमान किती पूर्वेला आहे, नाशिकपेक्षा तिथे सूर्य साधारण सव्वा तास आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. जानेवारीच्या शेवटी पावणेसहाला उजाडलेलं आणि सव्वापाच-साडेपाचला सूर्यास्त. म्हणजे आपल्या सवयीने दहाला नाश्ता, अकराला बाहेर, दुपारी जेवून झोप आणि पाचला बीच असं केलंत तर बीचवर पोचेपर्यंत अंधार. यांच्या प्लॅनमधे हॅवलॉकच्या राधानगर बीचला दुपारी तीनला पोचायचं होतं आणि मुलीला मनसोक्त खेळायला मिळून वर पूर्ण सूर्यास्त बघता आला, कारण राधानगर पश्चिमेला आहे. त्याच बेटावरचा काला पत्थर बीच पूर्वेला, तिथे सकाळी सहाच्या आत. एवढी साधी गोष्ट पण आम्हाला आलेल्या दुसऱ्या एका कोटेशनमधे काला पत्थर बीच सनसेट असं लिहिलं होतं, सूर्य समुद्रातून उगवणाऱ्या बाजूला.

राधानगरबद्दल काय लिहू. हॅवलॉकवर बीचना नंबर आहेत, हा सात नंबर. 2004 मधे टाइम मॅगझिनने आशियातला सगळ्यात चांगला बीच म्हटलं होतं, 2020 मधे ब्लू फ्लॅग मिळाला, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित बीचना देतात ते आंतरराष्ट्रीय मानांकन. वाळू पिठासारखी बारीक, मागे उंचच उंच झाडांचं जंगल अगदी वाळूपर्यंत आलेलं, कपडे बदलायला स्वच्छ खोल्या, लाइफगार्ड. खाऱ्या पाण्यातल्या मगरी या बेटांवर आहेत त्यामुळे पोहायला जी जागा आखून दिलीय त्याच्या बाहेर अजिबात जायचं नाही. बोर्ड आणि शिट्टी दोन्ही ऐका. आमच्या समोर काही जण लाइफगार्डशी वाद घालत होते, इतका राग आला.

भरती-ओहोटीचा खरा फायदा नीलवर कळला. आम्ही गेलो तेव्हा पौर्णिमा जवळ आली होती त्यामुळे ओहोटी दुपारनंतर आणि चांगली खोल होती. सकाळी पाणी भरलेलं असताना भरतपूर बीच, काचेच्या तळाची बोट, मुलीचं पोहणं. मग जेवण, आराम, आणि ओहोटीला नॅचरल ब्रिज. तिथे खडकाची नैसर्गिक कमान आहे आणि तिच्याखाली फक्त ओहोटीला चालत जाता येतं, बाकी वेळेला नुसतं लांबून बघायचं. ओहोटीत खडकांच्या खळग्यांमधे पाणी राहतं आणि त्यात काय काय असतं, छोटे रंगीत मासे, खेकडे, सी कुकुंबर, तिथला गाइड एकेक दाखवत होता आणि आमची मुलगी तासभर जागची हलायला तयार नव्हती. बाबा मालवणचे, त्यांना तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढता येते, ते तसं करून बघत होते आणि जमत नव्हतं, कारण तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा, पोर्ट ब्लेअरचा तक्ता वेगळा. पण तत्त्व तेच, रोज पाऊण तास-पन्नास मिनिटं वेळ पुढे सरकते. म्हणून कुणा मैत्रिणीचा मागच्या महिन्यातला प्लॅन उचलून तसाच वापरू नका, तुमच्या तारखेची ओहोटी कधी आहे ते विचारा.

नॅचरल ब्रिजला खडक ओले आणि घसरडे आहेत, मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. आईसाठी ते जमणारं नाही हे यांनी आधीच सांगितलं होतं, ती वरच्या टपरीवर शहाळं घेऊन बसली आणि तिथल्या बंगाली मावशींशी तिच्या गप्पा जमल्या, हिंदीत. या बेटांवर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना वसवलं होतं. नीलवर गावांची-बीचची नावंच भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर. आईला ते फार भावलं. भाजीपाला तिथे भरपूर पिकतो त्यामुळे व्हेजवाल्यांची नीलवर सगळ्यात छान सोय झाली, ताजी वांगी, भेंडी, डाळ-भात, साधं पण गरम. हॅवलॉकला व्हेज मिळतं पण महाग. मासे खाणाऱ्यांना सांगायलाच नको.

आता सेल्युलर जेल, कारण आमच्यासाठी ट्रिपचं मुख्य कारण तेच होतं. आम्ही नाशिकचे, सावरकरांचं भगूर आमच्यापासून जवळ, बाबांची लहानपणापासूनची इच्छा. बहुतेक पॅकेजमधे विमानातून उतरलं की त्याच दिवशी दुपारी जेल उरकतात. आदल्या रात्री मुंबईला गाडी, मग विमान, चेन्नईला बदलायचं, परत दोन तास, अशा अवस्थेत म्हाताऱ्या माणसाने काय बघायचं. मी फोनवर एवढंच म्हटलं होतं की बाबांना जेल नीट बघायचंय. त्यांनी पहिला दिवस रिकामा ठेवला, फक्त आराम आणि जवळच्या कोर्बिन्स कोव्ह बीचला चक्कर, आणि जेल दुसऱ्या दिवशी सकाळी, गेट उघडताना, गर्दीच्या आधी. लाइट अँड साउंड शोची तिकिटं लवकर संपतात, ती आधीच काढून ठेवली, हिंदी शोची. आणि जेल दाखवायला जो गाइड दिला तो घाई करणारा नव्हता.

1896 ते 1906 मधे बांधलेलं जेल, मधे टॉवर आणि त्यातून सात इमारती निघालेल्या, आता त्यातल्या तीनच उरल्यात. एका इमारतीच्या कोठड्यांचं तोंड दुसऱ्या इमारतीच्या पाठीकडे म्हणजे कैद्याला समोर कुणाचा चेहरासुद्धा दिसू नये. टॉवरमधे संगमरवरी पाट्यांवर कैद्यांची नावं प्रांतवार कोरलीयत. सावरकर 1911 मधे इथे आले आणि 1921 पर्यंत होते, थोरले बंधू बाबारावही याच जेलमधे. सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर अगदी टोकाला. जिने चढावे लागतात, लिफ्ट नाही. गाइडने बाबांना प्रत्येक मजल्यावर बसवून, पाणी देऊन, हळूहळू वर नेलं. बाबा त्या कोठडीत बराच वेळ उभे होते, आम्ही कुणी त्यांना हाक मारली नाही. खाली कोलू ठेवलाय, तेल काढायचा, माणसांना जुंपायचे तो. मुलीने तो ओढायला किती जड असेल असं विचारलं आणि गाइडने तिला रोज किती तेल काढायची सक्ती असायची, कमी पडलं तर काय व्हायचं ते तिला समजेल अशा शब्दात सांगितलं. चौथीतलं पोर घरी आल्यावर अजून त्याबद्दल बोलतंय. यासाठी मी या लोकांना वेगळे पाच स्टार देते. मराठी घरातनं कुणी जात असेल तर कृपा करून जेल एका तासात उरकू नका, अर्धा दिवस ठेवा आणि संध्याकाळचा शो वेगळा.

बाराटांगबद्दल लिहायलाच हवं. चुनखडीच्या गुहा, खारफुटीतून स्पीडबोट, मातीचा ज्वालामुखी, ऐकायला सगळं छान. पण पोर्ट ब्लेअरहून साधारण 100 किलोमीटर, रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, गाड्या ठरावीक वेळीच ताफ्याने सोडतात, पहिल्या ताफ्यासाठी रात्री तीनच्या आसपास निघावं लागतं. आईबाबांना हे झेपणार नाही असं ताईंनी स्वतःहून सांगितलं आणि ते पैसे प्लॅनमधून कमी केले. आम्ही एका दुसऱ्या एजंटशी बोललो होतो त्याने मात्र "जारवा दिखेंगे मॅडम, गॅरंटी" असं म्हटलं होतं, मी तिथेच फोन ठेवला. ती माणसं आहेत, त्यांचं ते घर आहे, तिथे थांबायला, फोटो काढायला, काही द्यायला कायद्याने बंदी आहे आणि ती असायलाच हवी. यांच्या कागदावर मात्र बाराटांगच्या पुढे ठळक लिहिलं होतं की आदिवासी बघणं हा या ट्रिपचा भाग नाही. ज्या एजंटच्या तोंडी ती गॅरंटी ऐकाल त्याच्याकडे बुकिंग करू नका एवढीच कळकळीची विनंती.

स्कूबा नवऱ्याने केलं, हॅवलॉकला. पोहता येत नसलं तरी इन्स्ट्रक्टर धरून खाली नेतात. तब्येतीचा फॉर्म भरावा लागतो, दमा, बीपी असेल तर लपवू नका. दहा वर्षांखालच्या मुलांना नाही, त्यामुळे लेकीला एलिफंट बीचवर स्नॉर्कलिंग, तिथे हॅवलॉकच्या जेट्टीवरून छोट्या बोटीने जातात. आणि स्कूबानंतर लगेच विमानात बसायचं नसतं, निदान 18 तास जाऊ द्यावेत, हेही यांनी हिशोबात धरून स्कूबा सुरुवातीलाच ठेवलं होतं. कोरलला हात लावायचा नाही, पाय टेकवायचा नाही, जिवंत असतं ते. आणि किनाऱ्यावरून कोरल किंवा शंख उचलून आणायचे नाहीत, गुन्हा आहे, एअरपोर्टवर बॅगा तपासतात. शंखाच्या वस्तू घ्यायच्याच असतील तर पोर्ट ब्लेअरच्या सागरिका या सरकारी एम्पोरियममधून बिल घेऊन घ्या.

रॉस आणि नॉर्थ बे एकाच दिवशी केलं. रॉस फार आवडलं, ब्रिटिशांची जुनी राजधानी, पडक्या चर्चला झाडाच्या मुळांनी मिठी मारलीय, हरणं जवळ येतात. नॉर्थ बे मला ठीकठाक वाटलं, जुन्या वीसच्या नोटेवरचं दीपगृह तिथलं, पण बाकी नुसती गर्दी आणि वॉटर स्पोर्ट्सवाल्यांचा आरडाओरडा. आईबाबा बरोबर असतील तर नॉर्थ बे सोडा, रॉसला वेळ द्या.

आता काय कमी पडलं तेही लिहिते. एक, संध्याकाळी सातनंतर यांच्याकडून उत्तर यायला उशीर लागतो. दोन, प्लॅन सगळा इंग्रजीत, आईसाठी मला मराठीत वेगळा लिहून काढावा लागला, निदान हिंदीत द्यायला हवा. तीन, नीलचं हॉटेल जागेला छान पण बाथरूममधे गरम पाणी कधी यायचं कधी नाही, आणि तिथे मोबाइलची रेंज अगदीच कमी. 2020 मधे चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉकला नेट बऱ्यापैकी आहे पण नीलवर जाताना ऑनलाइन पेमेंटच्या भरवशावर राहू नका, रोख ठेवा. चार, हॅवलॉकची टॅक्सी प्रत्येक ठिकाणी सोडून जाते आणि ठरलेल्या वेळेला परत येते, दिवसभर बरोबर थांबत नाही, हे आधी सांगितलं असतं तर आईसाठी जास्तीची गाडी सांगितली असती. हे मी ताईंना फोन करून सांगितलंय आणि त्यांनी नीट ऐकून घेतलं.

पैशाचं म्हणाल तर मोठ्या कंपन्यांच्या ग्रुप टूरपेक्षा थोडंच स्वस्त पडलं, फार नाही. अर्धे आधी, उरलेले पोचल्यावर. बोटींची तिकिटं आमच्या नावाने काढून आधीच पाठवली होती, ती हातात येईपर्यंत मी उरलेल्या कशाचाच विचार केला नाही. आधारकार्डावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव सारखं आहे ना तेवढं बघून घ्या, जेट्टीवर ओळखपत्र तपासतात. भारतीयांना पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील या तिन्ही ठिकाणी वेगळं परमिट लागत नाही. ऑक्टोबर ते मे सीझन, त्यातही जानेवारी ते मार्च समुद्र शांत असतो. दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत जाणार असाल तर दोन-तीन महिने आधीच बोटी धरा.

माझी बहीण एप्रिलमधे जातेय, तिचंही यांच्याकडेच दिलंय. तिचं बाळ दोन वर्षांचं आहे, त्याच्या मापाचं लाइफ जॅकेट छोट्या बोटींवर मिळतं का ते विचारलंय, उत्तर आलं की इथेच खाली टाकते.